भाचीच्या खांद्याला झेपेल अशी रायफल

मुलीचं वय चौदा. उंची १५७ सेंटिमीटर, वजन ४६ किलो, उजव्या हाताची आणि नेमालाही उजवाच डोळा. जन्म नि शाळा अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात. आई, म्हणजे माझी थोरली बहीण, सोलापूरची. दाजींना तिकडे गेल्यावर शिकारीचा नाद लागला आणि लेक लहानपणापासून त्यांच्या मागे डोंगर हिंडली. या ऑक्टोबरसाठी तिच्या नावावर एल्कच्या मादीचा परवाना सोडतीत निघाला होता. एल्क हे आपल्या सांबराच्याच कुळातलं, पण कितीतरी मोठं हरीण. मादी सव्वादोनशे किलोच्या आसपास, नर तीनशेच्या वर. एवढ्या जनावरासाठी या मुलीच्या हातात कोणती रायफल द्यायची, हा प्रश्न घेऊन ताई आणि दाजी जूनमध्ये सुट्टीला सोलापुरात आले.

मी इथे शाळकरी मुलांना एअर रायफल शिकवतो. शिकारी नाही. पण मुलांचे खांदे, त्यांची मान, त्यांची भीती आणि चापावरचं त्यांचं बोट हे रोजचं काम आहे. दाजींना माझ्याकडून नेमकं तेच हवं होतं.

कायद्याचं आधी सांगतो, कारण वाचणारे बहुतेक इथलेच असणार. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे शौकाची शिकार बंद आहे, आणि ती बंदच राहावी असं मला मनापासून वाटतं. नान्नजच्या माळावर काळवीट अजून दिसतात ती त्याच कायद्यामुळे. शस्त्र परवान्याला इथे वय २१ लागतं. कोलोरॅडोत चित्र वेगळं आहे. तिथे एल्कची संख्या अमेरिकेच्या इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त आहे, दरवर्षी किती आणि कुठे मारायचे हे राज्याचं वन्यजीव खातं ठरवतं, आणि बाराव्या वर्षापासून मोठ्या जनावराचा परवाना मिळतो. त्याआधी शिकारी-सुरक्षेचा अभ्यासक्रम पास करावा लागतो. बारा ते पंधरा वयाच्या मुलांसोबत जबाबदार प्रौढ असावाच लागतो, तोही एकमेकांना दिसेल नि ऐकू येईल इतक्या अंतरावर. मारलेल्या जनावराचं खाण्याजोगं मांस टाकून देणं हा तिथे गुन्हा आहे. रायफल पालकाच्या नावावर आणि घरात कुलपात. हे सगळं दाजी काटेकोर पाळतात. अडचण नियमांत नव्हती.

मागच्या वर्षी काय झालं

दाजींच्या एका मित्राने आपली .३०० विंचेस्टर मॅग्नम, म्हणजे फार ताकदवान काडतुसाची रायफल, वापरायला दिली होती. फुकट मिळतेय, एल्कला पुरून उरते, मग वेगळी कशाला घ्यायची, हा हिशेब. रायफल डोंगर चढायला सोपी म्हणून मुद्दाम हलकी बांधलेली, स्कोपसकट, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीसकट, ३.२ किलो. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो भाग, पूर्ण वाढलेल्या माणसाच्या मापाचा. मुलीने सरावाच्या मैदानावर टेबलाला टेकून पहिली गोळी झाडली तेव्हा खांदा बधिर झाला. दुसरीला तिने रायफल खांद्यापासून जराशी सैल धरली, दुखू नये म्हणून. तिसरीला स्कोपची कड भुवईवर आदळली. टाके पडले.

बाबांसमोर ती रडली नाही, हे दाजींनी मला कौतुकाने सांगितलं. मला ते ऐकून काळजी वाटली. जी मुलं ओरडतात त्यांचं दुखणं कळतं. जी गप्प राहतात त्यांच्या अंगात ते मुरतं आणि पुढच्या प्रत्येक गोळीला बाहेर येतं. तसंच झालं होतं. नंतर साध्या .२२ वर, म्हणजे सरावाच्या छोट्या रायफलवरही तिचा नेम बिघडला. त्या रायफलचा धक्का पाव ज्यूलसुद्धा नसतो.

सोलापुरात पहिल्याच आठवड्यात मी तिला क्लबच्या दहा मीटरच्या रेंजवर नेलं. एअर रायफलला धक्का जवळजवळ नाहीच, त्यामुळे जे काही हलेल ते मुलीचं हलेल, बंदुकीचं नाही. छर्रा भरायचं काम मी माझ्याकडे ठेवलं आणि कधी भरून, कधी न भरता रायफल तिच्या हातात दिली. तिला कळायला मार्ग नव्हता. न भरलेल्या वेळी चाप ओढताक्षणी नळीचं तोंड खाली झुकत होतं आणि पापणी मिटत होती. म्हणजे धक्का येण्याआधीच अंग त्याला तोंड द्यायला पुढे सरकत होतं. गोळी नळीत असते तो काळ एका मिलिसेकंदाच्या आसपासचा. तेवढ्यात धक्क्याने नेम फारसा बिघडत नाही. धक्क्याची वाट पाहणारं शरीर नेम बिघडवतं, आणि ते चाप ओढायच्या आधीपासून.

मग मी तिच्या कानांवर आवाज अडवणारे मफ चढवले. झुकणं लगेच कमी झालं. संपलं नाही, पण डोळ्यांना दिसेल इतकं कमी झालं. विचारलं तर म्हणाली, "मामा, लागेल याची भीती नाय वाटत. तो आवाज येतो ना, तेव्हाच सगळं अंग घट्ट होतं."

मागच्या वर्षी तिने कानात फक्त फोमचे बोळे घातले होते, तेही अर्धवट. रायफलचा आवाज झाडणाऱ्याच्या कानापाशी १६० डेसिबलच्या घरात जातो. १४० च्या वरचा एकच दणका कानाला कायमची इजा करू शकतो. खांद्याच्या धक्क्याबद्दल सगळे बोलतात, पण अर्धी दहशत कानातून आत शिरते. वडील नि मामा मंडळींनी हे लक्षात घ्यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दाजींचा युक्तिवाद

दाजी माणूस विचारी. त्यांचं म्हणणं असं: "जनावर सव्वादोनशे किलोचं आहे. लहान गोळीने जखमी होऊन पळालं तर ते पाप मोठं. त्यापेक्षा पोरीने दोन वर्षं कळ सोसावी, सवय होईल." शिवाय आत्ता छोटी रायफल घेतली तर दोन वर्षांत तोकडी पडणार, मग वाढत्या अंगाचीच का घेऊ नये?

त्यांची चिंता खरी होती. त्यावर त्यांनी शोधलेला उपाय मला पटत नव्हता.

हे बोलणं चालू असताना आई, म्हणजे मुलीची आजी, शेंगा निवडत बसली होती. आई माळकरी, आषाढीला चुकवत नाही. या शिकारीचा विषय तिला मुळीच रुचला नव्हता आणि तिने ते लपवलंही नाही. पण तिने विचारलं ते एवढंच: "एका गोळीत जाईल का रे ते? तडफडत ठेवू नका त्याला."

मी दाजींना म्हटलं, आईने विचारलंय त्याचंच उत्तर देणारी रायफल आपण शोधू. जनावर पटकन जातं ते गोळी हृदय-फुप्फुसाच्या जागी बसली म्हणून. एल्कच्या बाजूने पाहिलं तर ती जागा साधारण एका फुटाच्या परातीएवढी भरते. मॅग्नमची गोळी पोटात बसली तर जनावर मैलभर जाऊन तासांनी मरतं. मध्यम काडतुसाची चांगली गोळी दोन्ही फुप्फुसांतून गेली तर ते थोड्याच अंतरावर कोसळतं. स्वीडन-नॉर्वेत ६.५ x ५५ या मध्यम काडतुसाने शंभराहून अधिक वर्षं मूस नावाचं हरीण मारलं जातं, आणि मूस एल्कहून मोठा. म्हणजे ताकद पुरेशी असली की पुढचा सगळा प्रश्न नेमाचा. आणि नेम धक्क्याशी बांधलेला.

आकडे

दाजी इंजिनिअर, त्यांना आकड्यांशिवाय चैन पडत नाही. म्हणून वही काढली.

धक्क्याचं गणित अवघड नाही. गोळी जेवढा संवेग घेऊन पुढे जाते, त्यात दारूच्या वायूचा संवेग मिळवायचा. तेवढाच संवेग रायफल मागे घेऊन येते. संवेगाचा वर्ग भागिले रायफलच्या वजनाची दुप्पट, की मिळाली धक्क्याची ऊर्जा. वायूचा वेग मी सगळीकडे सेकंदाला १४३० मीटर धरला. रायफल सगळीकडे ३.४ किलोची धरली, म्हणजे काडतुसांची तुलना सरळ होते.

.२४३ विंचेस्टर, १०० ग्रेनची गोळी: साधारण १३ ज्यूल. ६.५ क्रीडमूर, १४० ग्रेन: १९ च्या आसपास. ७ एमएम-०८ रेमिंग्टन, १४० ग्रेन: २०. .३०८ विंचेस्टर, १५० ग्रेन: २३. .३०-०६, १८० ग्रेन: ३२. आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम, १८० ग्रेन: ४३-४४.

ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, हे ज्यांना लागेल त्यांच्यासाठी. दारू किती भरली, गोळी कुठल्या कंपनीची, यावर हे आकडे थोडे हलतात. क्रम हलत नाही.

आता खरी गोम. सूत्रात रायफलचं वजन खाली आहे. वजन घटलं की धक्का वाढतो. मित्राची मॅग्नम ३.४ नव्हे, ३.२ किलोची होती, म्हणून ४६ ज्यूल. ती मागे येत होती सेकंदाला सव्वापाच मीटरहून अधिक वेगाने. ३.२ किलोचा लोखंडी ठोकळा जवळजवळ दीड मीटर उंचीवरून खांद्यावर सोडला तर जेवढी ऊर्जा येईल तेवढी. ४६ किलोच्या मुलीला.

मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक रायफलींची गफलत इथेच आहे. दस्ता आखूड, नळी आखूड, वजन अडीच-पावणेतीन किलो. दुकानात पोराच्या हातात छान बसते, बाप खूश होतो. पण तीच ७ एमएम-०८ स्कोपसकट २.७ किलोच्या रायफलीत घातली तर धक्का २५ ज्यूलवर जातो, म्हणजे नीट वजनाच्या .३०८ पेक्षाही जास्त. आखूड दस्ता हवाच. हलकी रायफल नको. हे दोन्ही एकत्र विकलं जातं म्हणून लोक त्याला एकच गोष्ट समजतात.

आखूड नळीने आवाजही वाढतो, आणि आवाजाचं वर सांगितलंच.

काय वगळलं आणि का

.३०० मॅग्नम आणि .३०-०६ दोन्ही पहिल्या बैठकीत बाजूला पडल्या. .३०-०६ हे १९०६ पासूनचं भरवशाचं काडतूस, तिकडच्या प्रत्येक गावात मिळतं, आणि अठरा-वीस वर्षांच्या पोराला मी तेच सुचवलं असतं. इथे नाही.

.२४३ वर मात्र आम्ही बराच वेळ घालवला. १९५५ मधलं हे काडतूस, .३०८ चीच पितळी नळकांडी तोंडाशी आवळून केलेलं. धक्का सगळ्यांत कमी, मुलांना फार आवडतं. कोलोरॅडोच्या नियमात ते एल्कला चालतंही: तिथे व्यास किमान .२४ इंच लागतो, एल्कसाठी गोळी किमान ८५ ग्रेन, आणि १०० यार्डांवर १००० फूट-पाउंड ऊर्जा. .२४३ या तिन्ही अटी पुऱ्या करतं. ताईचा कल तिकडे होता. "तिला सोसेल तेच घ्या, बाकी मला काही कळत नाही," ती म्हणाली.

मी नको म्हटलं, आणि ते का हे सविस्तर सांगतो, कारण अनेक जाणकार माझ्याशी असहमत होतील. जनावर अगदी आडवं उभं असेल आणि गोळी अचूक बसली तर .२४३ काम करतंच. पण जंगलात जनावर आडवंच उभं राहील याची हमी कोण देणार? ते जरा तिरकं असलं की गोळीला खांद्याच्या जाड स्नायूतून, कधी हाडातून आत जावं लागतं. अशा वेळी हलकी, बारीक गोळी कमी पडण्याची शक्यता असते. निष्णात शिकारी कोन पाहून थांबतो. चौदा वर्षांच्या पहिलटकर मुलीकडून मी थांबण्याची अपेक्षा करतो, पण तिच्या चुकीला थोडी जागाही ठेवतो. ती जागा .२४३ मध्ये कमी आहे. हरणासाठी ते उत्तम, एल्कसाठी मी त्याच्या एक पायरी वर जाईन.

मग उरली ६.५ क्रीडमूर आणि ७ एमएम-०८. खरं सांगायचं तर दोन्हींपैकी कुठलीही चालली असती. क्रीडमूर २००७ मधलं, हल्ली सगळीकडे मिळतं, लांबवर फार सरळ जातं. ७ एमएम-०८ १९८० मधलं, तेही .३०८ च्याच नळकांड्यातून आलेलं. दुकानांत त्या मानाने कमी दिसतं. धक्क्यात जेमतेम ज्यूलभराचा फरक, तो कुणाच्या खांद्याला कळणार नाही. लांब अंतराचा फायदा आम्हाला नकोच होता, कारण दीडशे मीटरच्या पुढे ती झाडणारच नाही हे आधीच ठरवलं होतं. त्या अंतरात ७ एमएमची किंचित जाड गोळी मला जास्त पसंत. दाजींच्या गावच्या दुकानात ७ एमएम-०८ ची मंद काडतुसं, म्हणजे कमी दारूची सरावाची, शिल्लक होती. त्यावर निर्णय झाला.

सुतारकाम

रायफल विकत घेतली जाणार होती कोलोरॅडोत. माप मात्र सोलापुरात घ्यायचं होतं, कारण शिकवायला मी इथे आणि मुलगीही इथे. म्हणून ओळखीच्या सुताराकडून सागवानी फळीचा दस्ता कापून घेतला. नुसतं लाकूड, नळीच्या जागी लोखंडी गज आणि वजन साडेतीन किलोच्या आसपास येईल एवढी भर. मागच्या टोकाला वेगवेगळ्या जाडीच्या पट्ट्या बसवायची सोय, आणि शेवटी रबरी चपलेचा तळ कापून लावलेली गादी. सुताराला हे काय चाललंय ते समजेना, पण कळल्यावर त्याने कामात जीव ओतला. गालाला लागणारी कड तर त्याने स्वतःहून दोनदा तासून दिली.

चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर हे सगळ्यांत महत्त्वाचं माप. मोठ्या माणसांच्या रायफलीत ते साडेतेरा-पावणेचौदा इंच असतं. मुलीला बारा इंच आखूड आणि साडेतेरा लांब पडलं. साडेबारा-पावणेतेराला तिचं डोकं सरळ राहिलं, मान ताणली नाही, गाल आपोआप लाकडावर टेकला. दस्ता लांब असला की मूल मागे झुकतं, तोल टाचांवर जातो, धक्का आला की लटपटतं. आणि गाल पुढे सरकवून स्कोपपर्यंत डोळा नेतं. भुवई फुटते ती अशी. शिकारी स्कोपमधून पूर्ण चित्र दिसायला डोळा साडेतीन-चार इंच मागे लागतो, ते अंतर मिळालंच पाहिजे.

मग मी ताईला मुलीचं थंडीचं जॅकेट विचारलं. सुदैवाने विमानात गारठा असतो म्हणून एक जाड जॅकेट बरोबर आणलेलं होतं. सोलापूरच्या जूनमध्ये, पहिल्या पावसानंतरच्या उकाड्यात, ते जॅकेट घालून पोरगी लाकडी दस्ता खांद्याला लावत होती आणि आजी मला बोल लावत होती. पण ऑक्टोबरच्या शेवटी तीन हजार मीटर उंचीवर बर्फ असतो, आणि ती झाडणार ते टी-शर्टवर नव्हे. जॅकेटने दस्ता जवळजवळ पाऊण इंच लांब झाल्यासारखा झाला. म्हणून अंतिम माप साडेबारा ठरलं, मागे पट्ट्या घालून वाढवता येईल अशा दस्त्यासह. दाजींच्या वाढत्या अंगाच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच निघालं. काडतूस आत्ताचं, दस्ता मात्र वाढणारा.

नळीच्या तोंडाशी बसवायचा ब्रेक घेऊ का, असं दाजींनी विचारलं. त्याने वायू बाजूला फेकला जातो आणि धक्का खूप कमी होतो, हे खरं. पण तोच वायू झाडणाऱ्याच्या आणि शेजारच्याच्या कानांवर येतो. जिची भीती आवाजाची आहे तिला ब्रेक देणं मला मुळीच मान्य नव्हतं. त्याऐवजी पैसे इलेक्ट्रॉनिक मफवर घाला म्हटलं: हलका आवाज मोठा करून ऐकवतात, मोठा दणका अडवतात. बापाची कुजबुजही ऐकू येते, आणि तिथल्या नियमाला बापाचं ऐकू येणं हवंच आहे.

सोलापुरातला सराव

बाकी सुट्टी आम्ही चापावर घालवली. एअर रायफल, उभं राहून, बसून, गुडघ्यावर. मागच्या पानावरचे धडे पुन्हा: श्वास अर्धा सोडून थांबणं, चाप हळूहळू दाबणं, गोळी सुटल्यावरही नजर माशीवरून, म्हणजे नळीच्या टोकाच्या नेमखुणेवरून, न हलवणं. कोल्हापूरकडच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये जगज्जेत्या झाल्या, स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य आणलं. त्या पातळीच्या खेळाडूंचा पाया याच कोरड्या, कंटाळवाण्या सरावाने भरलेला असतो. मुलीला मी ते सांगितलं तेव्हा तिने कुसाळे यांच्या अंतिम फेरीचा व्हिडिओ शोधून पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी न सांगता गोळी सुटल्यावर तीन आकडे मोजून मगच मान उचलली.

न भरलेल्या रायफलीची परीक्षा मधूनमधून चालूच होती. सुट्टी संपत आली तोवर नळी झुकणं बंद झालं होतं.

एकदा पहाटे आम्ही तिघं नान्नजकडे गेलो. हातात फक्त दुर्बिणी. रस्त्यावरूनच काळविटांचा कळप दिसला आणि मी तिला विचारत राहिलो: आता पुढचा पाय कुठे आहे? आता तिरकं झालं, तर फुप्फुसं कुठे सरकली? आता पाठमोरं आहे, आता काय? तिने दर वेळी दुर्बीण न काढता उत्तर दिलं, आणि बहुतेक वेळा ते "आता नाही" असं होतं. काळवीट चाळीस किलोचं, एल्क त्याच्या पाच-सहा पट. पण उभं राहण्याच्या तऱ्हा त्याच. ज्यांना हे खटकेल त्यांचं खटकणं मी समजू शकतो. मला मात्र वाटतं, जनावराकडे इतका वेळ नीट पाहणारा माणूस घाईने चाप ओढत नाही.

कोलोरॅडोत गेल्यावर

रायफल ऑगस्टमध्ये घेतली. साधी बोल्टची, म्हणजे दर गोळीला हाताने खीळ ओढायची, पट्ट्यांचा दस्ता, सिंथेटिक, जाड गादी. स्कोप, पट्टा आणि काडतुसांसह ३.८ किलो. या वजनाला पूर्ण काडतुसाचा धक्का १८ ज्यूल होतो आणि वेग सेकंदाला तीन मीटरच्या आसपास. मागच्या वर्षीच्या ४६ शी ताडून पाहा.

सराव मी लिहून दिला होता. सुरुवातीला फक्त .२२, भरपूर. मग नव्या रायफलमधून मंद काडतुसं, ज्यांचा धक्का माझ्या हिशेबाने १२ ज्यूलच्या आत येत होता. एका बैठकीत थोडीच, आणि ती मजेत असतानाच थांबायचं. टेबलाला टेकून जवळजवळ नाहीच. बसलेल्या माणसाचं अंग मागे हलू शकत नाही आणि सगळा धक्का खांदाच खातो. काठ्यांच्या टेकूवर, गुडघ्यावर, उभ्याने. फोमचे बोळे आत आणि वरून मफ, दोन्ही.

पूर्ण ताकदीचं काडतूस तिला सांगून द्यायचं नाही, एवढी एक गोष्ट दाजींना अवघड गेली. लेकीला फसवतोय असं वाटत होतं त्यांना. मी फोनवर म्हटलं, आधी तिची संमती घ्या: "कधीतरी मधेच मोठं भरेन, चालेल?" ती हो म्हणाली. सप्टेंबरमध्ये त्यांनी भरलं. झाडून झाल्यावर तिने विचारलं, "बाबा, हे वेगळं होतं का?" आणि भोक कागदावर बाकीच्यांच्या शेजारीच होतं.

अंतराची मर्यादा तिच्या हाताने ठरवली, काडतुसाच्या माहितीपत्रकाने नव्हे. गुडघ्यावर बसून, काठ्यांचा टेकू घेऊन, वीस सेंटिमीटरच्या तबकडीवर सगळ्या गोळ्या बसतात तिथपर्यंतच. ते अंतर दीडशे मीटर निघालं. हृदय-फुप्फुसाची जागा याहून मोठी असते, पण धाप, थंडी आणि धडधड यांच्यासाठी तेवढी सूट लागते.

गोळी १४० ग्रेनची, शिसं आणि तांब्याचं कवच एकमेकांना घट्ट सांधलेली, म्हणजे हाडावर फुटून विखुरणार नाही अशी. मध्यम काडतूस घेतल्यावर गोळीच्या दर्जात काटकसर करायची नाही, यावर मी आणि दाजी दोघंही एका मताचे होतो.

पहिल्या दिवशी सकाळी एक मादी ऐंशी-नव्वद मीटरवर समोर तोंड करून उभी राहिली. मुलीने रायफल लावली, बराच वेळ थांबली, आणि खाली केली. दाजी म्हणतात की तिथे ते स्वतः असते तर झाडली असती. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर दुसरी मादी अंतरमापकावर ११२ मीटरवर आडवी आली. एक गोळी. जनावर चाळीसेक पावलं गेलं आणि बसलं. दोन्ही फुप्फुसांतून आरपार.

मला सगळ्यात मोलाची माहिती फोनवर मिळाली ती वेगळीच होती. तिने सांगितलं की गोळी लागली तेव्हा तिला स्कोपमधून जनावराचा पुढचा पाय दुमडलेला दिसला. म्हणजे डोळा उघडा होता, रायफल उसळून चित्राबाहेर गेली नव्हती, गाल लाकडावर होता. धक्का झेपतो की नाही याची याहून खात्रीची खूण माझ्या माहितीत नाही. झाडणाऱ्याला आपली गोळी लागताना दिसली तर रायफल त्याच्या मापाची आहे.

आजीला ताईने त्याच रात्री फोन केला. एका गोळीत गेलं, एवढंच सांगितलं. आजी "बरं" म्हणाली आणि नातीच्या अभ्यासाचं विचारू लागली. तिचं मत बदललेलं नाही, आणि ते बदलावं असा प्रयत्न आम्ही केलेला नाही.

आत्ताची स्थिती अशी. मुलगी वर्षात पाच सेंटिमीटर वाढली, दस्त्यात अर्ध्या इंचाची पट्टी चढली. पट्टी चढली की डोळा मागे जातो, म्हणून स्कोपही त्याच बेताने मागे घेऊन रायफल पुन्हा शून्यावर आणायला, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी बसेल अशी जुळवायला, सांगितलं आहे. दाजींनी मधे एकदा .३०-०६ चा विषय काढला होता. मी म्हटलं, आधी तिला विचारा. तिने उत्तर दिलं की तिला हीच हवी आहे, आणि धाकट्या भावाला बारा पूर्ण झाली की त्यालाही हीच, पट्ट्या काढून.